टाळायच्या गावांची यादी

परवा दुपारी ईव्ह ऑनलाइन या अवकाशयानांच्या संगणकी खेळाची सेटिंग्ज उगाचच चाळत बसलो होतो, तेव्हा माझीच एक जुनी यादी समोर आली. जहाज आपोआप चालवणाऱ्या ऑटोपायलटने कुठून जायचं नाही, त्या जागांची. पाच नावं. त्यातलं उएदामा आठवलं. तिथे माझं मालवाहू जहाज काही सेकंदांत फुटलं होतं. उरलेल्या चारांशी माझं काय वाकडं होतं, देव जाणे. पण ऑटोपायलट बिचारा इतकी वर्षं त्यांना वळसा घालतोय आणि मी त्याला कधी विचारलंही नाही.

हा खेळ आइसलंडमधल्या मंडळींनी 2003 साली सुरू केला. हजारो सूर्यमाला, मधे गेट, एका गेटातून दुसऱ्यात जंप. जिटा म्हणजे मोठी बाजारपेठ, अमार म्हणजे दुसरी. दोन्हींमध्ये नऊ जंप, आणि वाटेत निआर्जा नावाचं अडवणुकीचं ठिकाण. जाणाऱ्या-येणाऱ्याला लुटणारे तिथेच टपून बसायचे. एकदा रागाच्या भरात मी निआर्जालाही यादीत टाकलं. ऑटोपायलटने असा काही वळसा दाखवला की त्याच रात्री मुकाट्याने काढलं. आपला राग नऊ जंपांपुरताच.

मग ट्रिग्लेव्हियन नावाचे खेळातले आक्रमक आले. त्यांच्या बाजूनेही खेळाडूच लढले, म्हणजे घरभेदीपणा तिथेही आहेच. 2020 च्या ऑक्टोबरात त्यांनी सत्तावीस सूर्यमाला नकाशातून उचकटून पोचव्हेन नावाचा आपला वेगळा संसार थाटला. त्या सत्तावीसांत निआर्जा गेलं आणि जिटा ते अमार सुरक्षित रस्ता नवावरून पंचेचाळीस जंपांवर गेला. जवळची वाट होती, पण ती लोसेकमधून, म्हणजे कमी सुरक्षेच्या भागातून, जिवाची हमी नाही. मी माल घेऊन पंचेचाळीस वेळा गेटं ओलांडली. निम्म्या वाटेत पोह्यांसाठी कांदा चिरून झाला.

वळसा घालायची सवय मला आजीची. दर शनिवारी संध्याकाळी आम्ही मारुतीला जायचो. तिच्या हातात पानाने झाकलेली तेलाची वाटी, माझ्या हातात रुईची माळ. माळेचा चीक बोटांना लागून बोटं एकमेकांना चिकटायची. आमच्या दारासमोरच्या बोळातून देऊळ दोन मिनिटांवर. आजी मात्र पिठाच्या गिरणीवरून, पिंपळाच्या पाराला वळसा घालून न्यायची. तेल हिंदकळायचं, ती चालता चालता वाटी सावरायची. एकदा मी बोळाकडे पळालो, तर तिने मागून एवढंच म्हटलं, ‘‘तिकडून नाही.’’ आवाज चढला नव्हता. मी परत आलो.

बोळात तिचं कुणाशी काय झालं होतं? बाबा म्हणायचे, कुणाच्या तरी मुंजीतल्या आहेरावरून. आत्या म्हणायची, विहिरीवरच्या पाण्यावरून. शेजारच्या काकूंच्या मते तसं काही नव्हतंच, तिथे एक कुत्रं होतं. आजीला विचारलं तेव्हा ती जरा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘‘आता कुठलं आठवतंय!’’ पुढच्या शनिवारी पुन्हा गिरणीवरूनच.

गेल्या वर्षी गावी गेलो. बोळ रुंद होऊन त्याचा रस्ता झालाय, रिक्षासुद्धा जाते. गिरणीच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. मी मारुतीला निघालो आणि दुकानाच्या पाटीखाली पोचल्यावर लक्षात आलं की आपण वळसा घातलाय. पारावर दोन मोटारसायकली लावल्या होत्या. तिथपर्यंत आलोच होतो, मग तसाच पुढे गेलो.

तर परवा ठरवलं, यादी साफ करायची. उएदामा ठेवायचं, बाकीची चार पुसायची. निष्कारण कुणाशी वैर नको. पहिल्या नावावर माउस नेला. बराच वेळ तसाच धरून बसलो, काही आठवतंय का म्हणून. तेवढ्यात साडेचार वाजले. आपल्याकडे दुपारी साडेचारला या खेळाचा सर्व्हर रोज थोडा वेळ बंद होतो, अगदी घड्याळ लावून. स्क्रीन गेली.

मी चहा टाकला. यादी अजून तशीच आहे.