कुंपण नसलेली घरं आणि लाल झेंड्याची टपालपेटी

पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एक्स्टन गावात माझी लेक राहते. फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला, गाडीने साधारण तासाभरावर. तिथल्या घरांना कुंपण नसतं. रस्ता, मग हिरवळ, मग थेट घराचं दार. फाटक नाही, भिंत नाही, भिंतीवर रोवलेल्या काचा नाहीत. एकाची हद्द कुठे संपली आणि शेजाऱ्याची कुठे सुरू झाली, ते गवत कोणी कधी कापलंय त्यावरून ओळखायचं.

उंच इमारती, मॉल आणि सहा-सहा पदरी रस्ते आपण इथे बसून इतके पाहिलेले असतात की त्यांचं फारसं अप्रूप उरत नाही. नवल वाटतं ते रोजच्या साध्या रीतींचं. ही माणसं अनोळखी माणसावर कुठे डोळे मिटून भरवसा टाकतात आणि कुठे मुळीच टाकत नाहीत, हे पाहण्यात माझे तिथले दिवस फार छान गेले.

मी सातारा जिल्ह्यात पोस्टात नोकरी केली आणि सबपोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे माझी नजर सगळ्यात आधी गेली ती टपालपेटीकडे. लेकीच्या घरासमोर, रस्त्याच्या अगदी कडेला, लाकडी खांबावर पत्र्याची पेटी आहे. तळ सपाट, वरचा भाग कमानीसारखा गोल. पुढचं झाकण खाली उघडतं. कुलूप नाही. बाजूला बोटभर रुंदीचा लाल झेंडा, खिळ्यावर फिरणारा. आपल्याला पत्र पाठवायचं असेल तर तिकीट लावून याच पेटीत ठेवायचं आणि झेंडा उभा करायचा. टपालवाला तो पाहून थांबतो, आपलं पत्र घेतो, आपल्याला आलेलं टपाल आत ठेवतो आणि झेंडा खाली करून पुढे जातो. पत्र टाकण्यासाठी चौकातली पेटी शोधत जायला नको. जन्मभर टपालाच्या थैल्या मोजलेल्या मला या सोयीचं मनापासून कौतुक वाटलं.

टपालवाल्याची गाडीही पाहण्यासारखी. अमेरिकेत सगळ्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे, पण टपालाच्या त्या पांढऱ्या चौकोनी गाडीचं उजवीकडे, आपल्यासारखं. कारण पेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला असतात. खिडकीतून हात बाहेर काढायचा, झाकण उघडायचं, टपाल ठेवायचं, पुढे सरकायचं. एका पेटीपाशी गाडी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त थांबत नाही.

या पेटीमागे शेतकऱ्यांची गरज आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे शहरांत घरपोच टपाल मिळायचं, पण खेड्यातल्या माणसाला पत्रासाठी कित्येक मैल जाऊन पोस्ट गाठावं लागायचं. १८९६ साली वेस्ट व्हर्जिनियातून ग्रामीण घरपोच सेवा सुरू झाली. सुरुवातीला लोक हाताला येईल ते खांबाला अडकवत, चरबीचे रिकामे डबे, साबणाची खोकी. मग १९१५ साली टपालखात्यातल्या रॉय जोरोलमन नावाच्या अभियंत्याने या गोल पाठीच्या पेटीचा नमुना आखून दिला. शंभर वर्षं उलटून गेली, पेटी तीच आहे.

पेटी आपण विकत घ्यायची, आपल्या खर्चाने उभी करायची, पण तिच्यावर हुकूमत मात्र टपालखात्याची. तिकीट न लावलेला कागद दुसऱ्याच्या पेटीत टाकणं केंद्र सरकारच्या कायद्याने गुन्हा आहे. शेजारणीला वाढदिवसाचं आमंत्रण द्यायचं तर ते दाराला अडकवायचं, पेटीत टाकायचं नाही. बँकेची कार्डं, चेक, औषधं, सगळं या कुलूप नसलेल्या पेटीत येऊन पडतं. अलीकडे टपालचोऱ्या वाढल्यात आणि पाठवायचं पत्र रात्रभर पेटीत ठेवू नका असं खातंच सांगतं. लेक चेक पाठवायचा असला की पोस्टातच जाऊन देते. भरवशाला तडा जायला लागलाय, पण पेट्या अजून उघड्याच आहेत.

एक गोष्ट मला तिथे कमी वाटली. आमचे पोस्टमन घरातल्या म्हातारीला पत्र वाचून दाखवायचे, मनीऑर्डरचे पैसे तिच्या हातात मोजून द्यायचे, कोणाचा मुलगा कुठल्या पलटणीत आहे हे त्यांना पाठ असायचं. तिथला टपालवाला कोणाच्या दारात येतच नाही. पार्सल असलं तरच पायरीवर ठेवतो आणि निघतो. काम चोख, पण ओळख नाही. दोन्हीतलं एक निवडायला सांगितलं तर मी आमचाच पोस्टमन निवडेन.

टपालाचाच धागा पकडून आणखी एक रीत. नातीचा वाढदिवस झाला. मुलं आली, केक खाल्ला, खेळली, ठरलेल्या वेळी त्यांचे आईबाप येऊन घेऊन गेले. आमंत्रणावर सुरू होण्याची वेळ लिहिलेली होती तशी संपण्याचीही. भेटवस्तू कोणासमोर उघडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी लेकीने नातीला टेबलाशी बसवलं आणि प्रत्येक मुलासाठी एकेक आभारपत्र लिहून घेतलं. ‘तू दिलेलं कोडं आवडलं, आजीबरोबर सोडवलं,’ असं प्रत्येकाला वेगळं. नात कंटाळली, तरी सुटका नाही. मग पाकिटं, तिकिटं आणि लाल झेंडा वर. सात वर्षांच्या मुलीला भेटीची दखल हाताने लिहायला लावणारी ही रीत आपल्याकडे यावी असं मला फार वाटतं.

आता शाळेच्या बसबद्दल. त्या पिवळ्या बसचा रंग १९३९ साली ठरला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात फ्रँक सायर या प्राध्यापकांनी ठिकठिकाणचे शिक्षण अधिकारी आणि बस बनवणारे बोलावले आणि देशभरासाठी बसचे निकष आखले. पहाटेच्या अंधुक उजेडात पिवळ्यावर काळी अक्षरं चटकन दिसतात, म्हणून हा रंग.

सकाळी नातीला सोडायला मी जायचे. बस थांब्याजवळ यायला लागली की आधी पिवळसर दिवे लुकलुकतात. बस थांबली की लाल दिवे लागतात, बसच्या डाव्या अंगातून अष्टकोनी लाल पाटी बाहेर येते आणि पुढच्या बंपरपासून एक लांब दांडा आडवा उघडतो. मुलांनी बसच्या अगदी पुढ्यातून जाऊ नये, ड्रायव्हरला दिसेल इतक्या अंतरावरूनच रस्ता ओलांडावा, यासाठी तो दांडा. आणि मग मागच्या गाड्या तर थांबतातच, पण समोरून येणाऱ्याही थांबतात. मधे दुभाजक नसेल तर दोन्ही बाजूंचा रस्ता जागच्या जागी उभा. एक मूल दप्तर सावरत, बुटाची नाडी घोळत रमतगमत बसपाशी येतं, आणि पंधरा-वीस गाड्यांमधली मोठी माणसं वाट पाहतात. हॉर्न नाही, पुढे सरकणं नाही. शेवटचं मूल आत गेलं, पाटी मिटली, की मगच चाकं हलतात.

हे निव्वळ चांगुलपणाने होतं असं मी म्हणणार नाही. पेनसिल्व्हेनियात थांबलेली बस ओलांडली तर २५० डॉलर दंड आणि ६० दिवस लायसन्स निलंबित. जिथे गाडीशिवाय दूधही आणता येत नाही तिथे साठ दिवस लायसन्स नसणं म्हणजे घर बंद पडणं. पण दंड चुकवायचा म्हणून पाळलेला नियमही पिढ्यान्‌पिढ्या पाळला की अंगात मुरतो. पुण्या-साताऱ्यात रिक्षातून लोंबकळत शाळेत जाणारी मुलं पाहिलेल्या माझ्यासारखीला रोज सकाळचं ते थांबणं पाहून भरून यायचं.

याच जातीची दुसरी रीत म्हणजे चारी बाजूंना ‘स्टॉप’ची पाटी असलेला चौक. सिग्नल नाही, पोलीस नाही. प्रत्येकाने पूर्ण थांबायचं. जो आधी आला तो आधी जाणार, दोघं एकदम आले तर उजवीकडचा आधी. कधी समोरचा हातानेच ‘तुम्ही जा’ म्हणतो. रात्री अकरा वाजता चारी रस्ते मोकळे असतानाही जावई पूर्ण थांबले, तेव्हा मी विचारलं, ‘कोण बघतंय?’ म्हणाले, ‘आई, सवय झालीय.’

बर्फाचं कोडं मात्र सुटलं नाही. बाहेर गोठवणारी थंडी, अंगात दोन स्वेटर, आणि हॉटेलात समोर येतो तो काठोकाठ बर्फ भरलेला ग्लास. कोमट पाणी मागितलं की चहा हवाय का विचारतात. हा शौक जुना आहे. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने तळ्यांवरचा बर्फ कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून १८३३ साली जहाजाने कलकत्त्याला पाठवला होता. पुढे मुंबईतही अमेरिकेहून आलेला बर्फ साठवायला बर्फघर होतं.

दुकानातली किंमतही अपुरी लिहिलेली असते. पाटीवर दहा डॉलर, गल्ल्यावर दहा डॉलर साठ सेंट. विक्रीकर राज्यागणिक वेगळा, कधी शहरागणिक, म्हणून तो शेवटी मिळवतात. पेनसिल्व्हेनियात तो सहा टक्के, फिलाडेल्फिया शहरात आठ, पण कपड्यांवर नाही आणि बहुतेक किराण्यावरही नाही. शेजारच्या डेलावेअर राज्यात विक्रीकरच नाही, त्यामुळे टीव्ही किंवा लॅपटॉप घ्यायला लोक सीमा ओलांडून जातात.

आणि टिप. जवळच्या वेस्ट चेस्टर गावातल्या एका छोट्या हॉटेलात आम्ही न्याहारीला गेलो. वाढणारी मुलगी हसून स्वतःचं नाव सांगून गेली, कॉफी संपायच्या आत पुन्हा ओतत राहिली, नातीला रंगीत खडू आणून दिले. बिल आलं, जावयांनी कार्ड दिलं, ती ते आत घेऊन गेली. ना पिन, ना ओटीपी. परत आली ती एक चिठ्ठी घेऊन. खाली टिपसाठी रिकामी ओळ, आणि सोबत अठरा, वीस, पंचवीस टक्क्यांचे आकडे आधीच हिशेब करून छापलेले. जावयांनी वीस टक्के लिहिले, बेरीज केली, सही केली, चिठ्ठी टेबलावर ठेवून आम्ही निघालो. नंतर हॉटेलवाला तेवढी रक्कम कार्डावर लावणार. हा भरवसा गिऱ्हाइकाने टाकायचा.

यामागचं गणित मला शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने सांगितलं, ती शनिवार-रविवारी हॉटेलात काम करते. टिप मिळणाऱ्या कामगाराला पेनसिल्व्हेनियात मालकाने तासाला २.८३ डॉलर दिले तरी चालतात. केंद्राचा आकडा त्याहून कमी, २.१३, आणि तो १९९१ पासून बदललेला नाही. साधं किमान वेतन ७.२५ डॉलर. मधली तफावत गिऱ्हाइकाच्या टिपेतून भरायची, नाहीच भरली तर मालकाने द्यायची, असा १९६६ पासूनचा कायदा. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन अशा काही राज्यांत मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं, पण टिप तिथेही आहेच.

या प्रथेला काळीकुट्ट बाजू आहे. यादवी युद्धानंतर गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय माणसांना पुलमन कंपनीने रेल्वेच्या शयनयानात पोर्टर म्हणून घेतलं. पगार तुटपुंजा, बाकी प्रवाशांच्या मर्जीवर. कष्टाचा मोबदला समोरच्याच्या लहरीवर सोडण्याची तीच तऱ्हा आज हसऱ्या चेहऱ्याने टेबलावर येते. मला ती अजिबात पटली नाही. पण न पटल्याचा भुर्दंड त्या मुलीने का सोसावा? म्हणून जाणाऱ्यांना एवढंच सांगेन, बसून जेवलात तर वीस टक्के द्या, आणि हात आखडता घेऊ नका.

कपडे वाळत घालण्याचीही गंमत पाहण्यासारखी. कडक ऊन, मोकळी हवा, आणि घरोघरी कपडे विजेच्या ड्रायरमध्ये. लेक आधी राहायची त्या वसाहतीत बाहेर दोरी बांधायलाच मनाई होती. दोरीवरचे कपडे दिसले की घरांची किंमत उतरते म्हणे. फ्लोरिडा, व्हरमाँट, मेन या राज्यांनी उलट कायदे करून दोरीचा हक्क राखलाय. उन्हात वाळलेल्या चादरीचा वास या वसाहतींमधल्या मुलांना माहीतच नसावा, याचं मला खरंच वाईट वाटलं.

आणि तिथून तासाभरावर लँकेस्टर परगण्यात गेलं की आमिश, म्हणजे जुन्या साध्या राहणीला धरून असलेल्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या शेतांवर, घरापासून गोठ्यापर्यंत, कप्पीवर ओढलेल्या उंच दोऱ्या. सोमवार हा त्यांचा धुण्याचा दिवस. जांभळे, निळे, काळे कपडे आकारमानाप्रमाणे ओळीने लावलेले. आमिश कुटुंबं घरात बाहेरची वीज घेत नाहीत, घोडागाडीतून फिरतात. त्यांच्या शेतांच्या तोंडाशी लाकडी टपऱ्या असतात. टोमॅटो, मक्याची कणसं, अंडी, बरणीतला जॅम. प्रत्येकावर हाताने लिहिलेली किंमत आणि कडेला फट पाडलेला पत्र्याचा डबा. माणूस कोणीच नाही. आपण वस्तू घ्यायची, पैसे डब्यात टाकायचे. आम्ही कणसं आणि अंडी घेतली. नोट मोठी होती आणि सुट्टे परत द्यायला कोणी नव्हतं, म्हणून लेकीने जॅमची बरणी घेऊन हिशेब पुरा केला.

तिकडे जाणार असाल तर एक-एक डॉलरच्या नोटा जवळ ठेवा. रविवारी जाऊ नका, त्या दिवशी आमिश लोक काही विकत नाहीत. आणि त्यांचे फोटो चेहरा दिसेल असे काढू नका, त्यांना ते आवडत नाही. कणसं जुलैच्या शेवटाला सर्वात गोड मिळतात.