तुम्ही विचारलंत म्हणून: मिरचीच्या रोपाची पानं पिवळी का पडतायत?

"घरात लावलेल्या मिरचीच्या रोपांची पानं पिवळी पडतायत, कुठलं खत घालू?" हे मला सारखं विचारलं जातं आणि सोबत फोटो असतो तो जांभळ्या ग्रो लाइटखाली (घरात रोपं वाढवायला लावतात त्या दिव्याखाली) काढलेला, ज्यात पान हिरवंय की पिवळं की काळं काहीच कळत नाही. तेव्हा आधी तो लाइट बंद करा, रोप खिडकीपाशी न्या, साध्या उजेडात फोटो काढा आणि पानाची मागची बाजूपण दाखवा. खताचं नंतर बघू. आधी एवढंच सांगा की पिवळं पडलंय ते पान कुठलं, खालचं की शेंड्याचं?

कारण नुसत्या रंगावरून फार काही ठरत नाही, पान कुठलं आहे त्यावरून ठरतं. नायट्रोजन आणि मॅग्नेशियम रोपाला आतल्या आत हलवता येतं, कमी पडायला लागलं की ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं, म्हणून खालची पानं आधी जातात. लोह असं हलत नाही, ते कमी पडलं की शेंड्याची कोवळी पानं फिकट होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. खालची पानं सरसकट फिकट पडून पिवळेपणा हळूहळू वर चढत असेल तर बहुतेक नायट्रोजन, आणि खालच्याच पानांत शिरा हिरव्या नि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. अगदी तळाची ती दोन साधी, बिनकंगोऱ्याची पानं म्हणजे बीजातून निघालेली दले, ती पिवळी होऊन गळणारच, त्यांच्यासाठी काही करू नका.

पण खरं सांगू का, खत हा बऱ्याचदा मुद्दाच नसतो, मुद्दा पाण्याचा असतो. घरात ऊन कमी, वारा नाही, माती वाळत नाही, आणि आपण रोज प्रेमाने घोटभर पाणी घालत राहतो. मुळांना हवा मिळेनाशी झाली की ती काम करणं सोडतात, मग मातीत सगळं असूनही रोप उपाशी, पानं पिवळी आणि वर मलूल. मलूल दिसलं की आपण अजून पाणी घालतो! बोट दोन पेरं आत घालून बघा, किंवा कुंडी उचलून बघा, पाणी दिल्यावर किती जड असते आणि वाळल्यावर किती हलकी होते ते हाताला लगेच कळायला लागतं. माती ओली आणि रोप मान टाकलेलं असेल तर पाणी बंद, कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी ओतून टाका, आणि ते सावरेपर्यंत खत अजिबात नको. शेंडा फिकट झालाय म्हणून लोह आणायला निघालात तरी आधी हेच बघा, कारण लोह मातीत असतं पण मुळं गुदमरलेली असली किंवा पाणी फार अल्कधर्मी असलं की ते रोपाला घेता येत नाही. मिरचीला माती किंचित आम्लधर्मी लागते, पीएच (आम्ल-अल्क मोजायचा आकडा) साधारण 6 ते 6.8.

खताची खरी भूक लागते ती बिया रुजवायच्या मिश्रणात किंवा नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) वाढणाऱ्या रोपांना, त्यात पोषण जवळजवळ नसतंच. खऱ्या पानांच्या (तळाची दले सोडून) दोनतीन जोड्या आल्या की पाण्यात विरघळणारं खत पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव ते निम्म्या ताकदीने सुरू करा. टोकं तपकिरी होऊन करपायला लागली तर खत जास्त होतंय, साध्या पाण्याने कुंडी खालून पाणी वाहीपर्यंत धुवून काढा. आणि एप्सम सॉल्ट हा सगळ्यावरचा उपाय नाहीये, त्यात मॅग्नेशियम आणि गंधक आहे, बस्स.

जांभळा रंग दिसला की लोक उगाच घाबरतात. खोडाच्या पेरांवर जांभळट काळपट पट्टा असणं मिरचीत अगदी नॉर्मल आहे, काही जातींत पानंही जांभळी असतात, आणि कडक लाइटमध्ये रंग अजून गडद होतो. मात्र पानांची मागची बाजू जांभळी होतेय, वाढ थांबलीय आणि कुंडी थंडगार फरशीवर आहे, असं असेल तर मुळांना गारठ्यात फॉस्फरस उचलता येत नाहीये, जागा बदला.

आता ते पान उलटं करा. बारीक बारीक ठिपके आणि देठापाशी कोळिष्टक म्हणजे लाल कोळी ही कीड, चंदेरी ओरखडे आणि काळे कण म्हणजे फुलकिडे. पण मागे नुसते पारदर्शक, खडबडीत फोड असतील, नखाने खरवडून निघत नसतील, तर ती अंडी नाहीत, पाणी जास्त आणि हवा कोंदट झाली की पानाच्या पेशी फुगतात त्या ह्या, त्यावर औषध मारू नका.

लाइटच्या सर्वांत जवळची पानंच पांढुरकी पडत असतील तर लाइट वर घ्या. रोप घराबाहेर काढल्यावर पानांवर कागदासारखे पांढरे चट्टे पडले तर ते ऊन लागलंय, आठ-दहा दिवस थोडं थोडं ऊन वाढवत न्यायचं असतं. चट्टे पडलेली पानं पुन्हा हिरवी होणार नाहीत, पण लगेच कात्री लावू नका, नवी पानं नीट येईपर्यंत त्यातला उरलेला हिरवा भाग रोपाच्या कामाचा आहे.