देवाचे नीतिमत्त्व आणि खलाशांचा वाटा
१ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी संपून आज वसईच्या पाचूबंदरातून होड्या पुन्हा समुद्रात गेल्या आणि त्याआधी आम्ही किनाऱ्यावर प्रार्थना केली. बायबलमधील मत्तय ६:३३ मध्ये प्रभू येशू अन्नवस्त्राच्या चिंतेआधी देवाचे राज्य आणि त्याचे नीतिमत्त्व मिळवण्यास सांगतो. प्रार्थनेपेक्षा हे नीतिमत्त्वच मला अधिक कठीण वाटते. लेवीय १९:१३ नुसार मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवायची नसते. म्हणून पहिल्या मासळीचे पैसे हाती येताच बर्फ, डिझेल आणि कर्जाचा हप्ता यांच्या आधी खलाशांचा वाटा त्याच संध्याकाळी द्यायचा, असे आम्ही घरी ठरवले आहे. शिवाय बाजारभाव कितीही चढा असला, तरी रविवारच्या मिस्सासाठी, म्हणजे चर्चमधल्या उपासनेसाठी, होडी शनिवारी परतलीच पाहिजे, असा माझा आग्रह आहे.