अदासा: एका रस्त्याने जाणे, दुसऱ्याने येणे

पुण्याहून नागपुरात बदलून आलेल्या माझ्या एका सहकाऱ्याने नोव्हेंबरात मला विचारले होते की हा भाग सायकलसाठी कसा आहे. आणि मी काही सांगण्याआधीच, "सगळं सपाट आहे, म्हणजे सोपंच असणार," असे उत्तरही त्याने स्वतःच देऊन टाकले. त्याला तोंडी समजावत बसण्यापेक्षा डिसेंबरच्या एका रविवारी मी त्याला नागपूर जिल्ह्यातल्याच अदाशाच्या गणपतीला घेऊन गेलो. जाताना कळमेश्वर आणि धापेवाडा, येताना मुद्दाम सावनेरचा महामार्ग, असा सगळा मिळून ऐंशी किलोमीटरच्या वरचा फेरा होता.

धरमपेठेतून पावणेसहाला निघालो तेव्हा अंधार होता आणि हातमोज्यांतूनही बोटे गारठत होती. सेमिनरी हिल्सचा चढ त्याने हसत हसत घेतला, कारण सिंहगड चढणाऱ्या माणसाला तो चढ वाटूच शकत नाही. नागपूरकर सायकलस्वाराचा घाट म्हणजे उड्डाणपूल, हे मी त्याला तेव्हाच सांगून ठेवले. खरा घाट हवा असेल तर थेट चिखलदरा गाठावे लागते आणि तिथवर जाऊन परत येणे हे एका सकाळचे काम नव्हे.

शहरातून बाहेर पडेपर्यंत मात्र त्याचे हसू थोडे मावळले होते. गेल्या काही वर्षांत नागपूरचे बरेचसे रस्ते सिमेंटचे झाले. त्यांवर पावसाळ्यात पूर्वीसारखे खड्डे पडत नाहीत, हे मान्यच आहे. परंतु सिमेंटच्या दोन पट्ट्यांमध्ये लांबीच्या दिशेने जी फट राहते, ती मोटारीला कळतही नाही आणि बारीक टायरच्या सायकलला मात्र पाडू शकते. एका वळणावर त्याचे पुढचे चाक अशाच फटीत शिरले, हँडल आपोआप डावीकडे ओढले गेले आणि एक पाय जमिनीला टेकल्यामुळेच तो वाचला. अशी फट ओलांडायची तर चाक वळवून तिला जवळजवळ काटकोनात जायचे असते, आणि मागून ऑटो येत असताना ते साधणे सोपे नसते.

काटोल नाका ओलांडून गोरेवाड्याच्या बाजूला लागलो आणि वर्दळ ओसरली. फेटरीच्या पुढे उजाडले. हा पट्टा संत्र्यांचा. अंबिया बहाराची फळे अजून काही बागांत झाडांवर होती, तुरीला शेंगा धरल्या होत्या आणि कापसाने शिगोशीग भरलेला एक ट्रॅक्टर आमच्या पुढे इतक्या संथ गतीने चालला होता की बराच वेळ आम्ही त्याच्या आडोशाने, वारा चुकवत गेलो. हिवाळ्यात सकाळचा वारा इकडे बहुतेक वेळा उत्तरेकडून येतो, त्यामुळे उत्तरेला जाताना तो तोंडावर असतो आणि परतताना पाठीवर. उलट दिशेची सहल आखली तर थकलेल्या पायांनी वाऱ्याशी झुंजावे लागते. नकाशावर हे दिसत नाही, पण सपाट मुलखात चढाचे काम वाराच करतो, आणि चढ कुठेतरी संपतो तसा हा संपत नाही.

या रस्त्याची खरी अडचण त्याच्या कडेला आहे. खाली काळी माती असल्यामुळे ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून तडकते आणि तिच्याबरोबर डांबराची कडही हळूहळू तुटत जाते. साईडपट्टी कित्येक ठिकाणी वीतभर खाली गेलेली असते. मागून बस आली की सायकलस्वाराने खाली उतरावे अशी सर्वांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात त्या वेगाने खाली उतरणे म्हणजे पडणेच. मी डांबराच्या कडेपासून दोन फूट आत चालवतो आणि हॉर्न खातो. छोट्या रस्त्यावर ते परवडते, कारण मागचा माणूस वेग कमी करतो.

कळमेश्वरच्या पुढे माझे मागचे चाक बसले. शेताच्या कुंपणासाठी बाभळीच्या फांद्या वाहून नेलेली बैलगाडी त्या वाटेने गेली असावी, कारण रस्त्यावर काटे पसरले होते. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवले तर काहीच लागले नाही. दुसऱ्यांदा अगदी सावकाश फिरवले तेव्हा अंगठ्याला टोचले. काटा बाहेरच्या बाजूने रबराच्या पातळीला मोडलेला होता आणि आत त्याचे टोक ज्वारीच्या दाण्याच्या निम्म्याएवढेही नव्हते. तो चिमट्याने ओढून काढला नसता तर नवी ट्यूबही दोन किलोमीटरमध्ये गेली असती. इकडे दोन जादा ट्यूब आणि भुवयांचा चिमटा बरोबर ठेवावा, हे कोणत्याही दुकानदाराने मला कधी सांगितले नाही.

धापेवाड्याला चंद्रभागेच्या काठी विठ्ठलाचे देऊळ आहे आणि या गावाला विदर्भाचे पंढरपूर म्हणतात. तिथल्या टपरीवर चहा घेताना एका आजोबांनी आमच्या हेल्मेटांकडे बराच वेळ पाहिले आणि मग विचारले, "नागपूरहून सायकलनं आले? गाडी बिघडली का जी?" माझा सहकारी चहा सांडेपर्यंत हसला. या रस्त्याचे मला सर्वांत मोठे सुख हेच वाटते की दर पाचसात किलोमीटरवर गाव आहे, गावात चहा आहे, पाणी आहे आणि चौकशी करणारे कोणीतरी आहे.

अदाशाच्या टेकडीवर शेंदूर माखलेल्या भव्य गणपतीचे दर्शन घेतले. विदर्भाच्या अष्टविनायकांत या गणपतीची गणना होते. पायऱ्या चढताना सहकाऱ्याच्या लक्षात आले की दिवसभरातला पहिला खरा चढ हाच.

परतीला सावनेरहून चौपदरी महामार्ग धरला. डांबर आरशासारखे, वारा पाठीशी, वेग तिशीच्या घरात; पहिले दहा किलोमीटर तो खूश होता. मग ऊन चढले. रुंदीकरणात कडेची जुनी झाडे गेल्यामुळे सावली नाही, दुभाजकामुळे पलीकडच्या टपरीपर्यंत जाता येत नाही, रेतीचे आणि कोळशाचे ट्रक शेजारून गेले की सायकल आधी बाहेर फेकली जाते आणि लगेच आत ओढली जाते, आणि डाव्या पट्टीवरून उलट्या दिशेने येणारी मोटारसायकल तर दर काही मिनिटांनी भेटतेच. पाटणसावंगीच्या पुढे त्याने हात झटकायला सुरुवात केली. घाटात माणूस चढावर सीटवरून उठतो आणि उतारावर पाय थांबवतो. इथे पाय थांबत नाहीत, बसण्याची ढब बदलत नाही, आणि तळहात बधिर होतात. सपाटीचा हा हिशेब पुण्याच्या माणसाला माहीत असण्याचे कारण नव्हते.

ही सपाटी वाया जाते असेही नाही. 200 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांत संपवायची असते आणि इकडे ती नवख्यालाही जमू शकते. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये अमेरिका आडवी पार करणारी सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत बारा दिवसांच्या आत एकट्याने पूर्ण केली. तासन्‌तास न थांबता पायडल मारण्याची सवय लावायला यापेक्षा बरा मुलूख मला तरी ठाऊक नाही.

मानकापूरला पोहोचलो तेव्हा अकरा वाजत आले होते. सदरमध्ये तर्रीपोह्यांची दुसरी प्लेट मागवताना त्याने विचारले की मे महिन्यात आपण काय करतो. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा 45 च्या वर जातो तेव्हा रात्री नऊलासुद्धा डांबरातून झळा येतात, म्हणून पहाटे साडेचारला निघून सातला घरात, एवढेच, असे मी सांगितले. त्याने मोबाइलवर फेब्रुवारीपर्यंतचे रविवार मोजले आणि पुढच्या रविवारी रामटेकला कोणत्या रस्त्याने जायचे ते विचारले.