गाईला चावी नसते

ट्रॅक्टरची एक गोष्ट मला फार आवडते. काम झालं की स्टॉपचा दांडा ओढायचा, इंजिन एकदोन उचक्या देऊन गप्प होतं, चावी काढून खिशात टाकायची आणि हात झटकून घरी जायचं. त्याला भूक लागत नाही. आपण दिसलो नाही म्हणून तो हंबरत नाही. चार दिवस त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही तरी पाचव्या दिवशी तो रुसलेला नसतो. फार तर बॅटरी उतरलेली असते आणि सीटखाली मांजर व्यालेली असते.

गाईचं तसं नाही. तिला चावी नसते, न्यूट्रल नसतो, हँडब्रेक नसतो. ती रात्रंदिवस चालूच. दिवसाचे सात-आठ तास तर नुसता रवंथ. पोटाच्या पहिल्या कप्प्यात शंभर-दीडशे लिटर माल आंबत पडलेला असतो, त्यावर अब्जावधी जिवाणू तुटून पडलेले असतात, आणि आंबटपणा फार वाढला तर ते मरतील म्हणून वरून लाळ सोडावी लागते. दूध देणारी गाय दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ गाळते. एवढा पसारा पोटात घेऊन ती डोळे अर्धे मिटून बसते आणि गोठा बघायला आलेला पाहुणा म्हणतो, काय सुखी प्राणी आहे!

लहान गोठा सांभाळणाऱ्याचा दिवस या दोघांच्या ओढाताणीत जातो. एक थांबवता येतो आणि एक थांबवता येत नाही, आणि कामं मात्र दोघांची एकाच वेळी निघतात.

धारेचंच बघा. सकाळची धार आणि संध्याकाळची धार, मध्ये साधारण बारा तास. घरात कार्य असो, अंगात ताप असो, रात्रभर जागरण झालेलं असो, कास भरायची ती भरतेच. एक लिटर दूध व्हायला कासेतून चार-पाचशे लिटर रक्त फिरावं लागतं म्हणतात. ते फिरणं आपल्या सोयीनं थांबत नाही. वेळ टळली की गाय आधी दाराकडे बघते, मग एक पाय उचलून दुसऱ्यावर भार टाकते, मग ओरडते. त्यानंतरही आपण गेलो नाही तर सडांतून दूध आपोआप ठिबकायला लागतं. ते बघून कोणाला वाईट वाटत नसेल त्यानं हा धंदा करू नये.

आणि वेळेवर गेलं तरी दूध लगेच मिळेल असं नाही. कास धुवायची, पुसायची, सडातून पहिल्या चार चिळकांड्या बाजूला काढून गाठी नाहीत ना ते बघायचं. या हाताळण्यानं गाईच्या मेंदूला निरोप जातो आणि मिनिटभरात पान्हा उतरतो. तो क्षण बोटांना कळतो. आतापर्यंत मऊ लागणारा सड एकदम टरारून भरतो आणि भांड्यात पडणाऱ्या धारेचा आवाज जाड होतो. ही भरती पाच-सात मिनिटांची. तेवढ्यात कोणी गोठ्यात आरडाओरडा केला, कुत्रं घुसलं, बादली आपटली, की गाय घाबरते आणि पान्हा चोरते. दूध कासेतच असतं, पण ते ती सोडत नाही. म्हणून बाहेर कोणाशी कितीही भांडण झालेलं असलं तरी ते उंबऱ्याबाहेर ठेवून आत जावं लागतं. ट्रॅक्टरवर राग काढता येतो. त्याच्या टायरला लाथ मारली तर आपलाच अंगठा दुखतो, डिझेल काही आटत नाही.

गाईंना आणखी एक खोड असते. गोठ्यात शिरण्याचा त्यांचा क्रम ठरलेला असतो. सगळ्यांत आधी जी जाते तीच जाते. मागचीनं पुढं घुसायचा प्रयत्न केला तर शिंग दाखवलं जातं, आणि शिंग नसेल तर नुसती मान वळली तरी पुरते. बरं, ही पुढारीण वाटेत अडली की सगळी रांग अडते. ती कशानं अडेल सांगता येत नाही. काल नव्हता तो पाण्याचा पाइप आज वाटेत आडवा पडलाय, किंवा दाराची सावली पडलीय, एवढं पुरतं. गाईला डोळे दोन्ही बाजूंना असल्यानं जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त नेमकं मागचं आणि नाकासमोरचं थोडं सोडून. पण खोली नीट कळत नाही, त्यामुळे पाइप आहे की खड्डा हे तिला मान खाली घालून, हुंगून ठरवावं लागतं. मागून ढकलून उपयोग नसतो. पाइप उचलावा आणि गप्प उभं राहावं.

ट्रॅक्टरची शांतता मात्र फसवी असते. महिनाभर शहाण्यासारखा वागलेला ट्रॅक्टर नेमका वैरण कापून पडलेली असताना आणि आभाळ भरून आलेलं असताना बंद पडतो. बहुतेक वेळा कारण फुटकळ असतं. टाकी तळाला गेली आणि पाइपात हवा शिरली. डिझेलच्या इंजिनाला हवा धरली की स्टार्टर कितीही फिरवा, ते नुसतं खोकतं. मग पान्हा शोधायचा (हा लोखंडाचा, आणि तो कधीही जागेवर नसतो), फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, आणि हातपंप अंगठ्यानं दाबत राहायचं. आधी फेस येतो. मग बुडबुडे मोठे होत होत कमी होतात. आणि मग एकदम बुडबुड्यांशिवाय, काचेसारखं स्वच्छ डिझेल वाहायला लागतं. लगेच स्क्रू आवळायचा. इंजिन पकडतं तेव्हा होणारा आनंद पान्हा उतरल्याच्या आनंदापेक्षा कमी नसतो, हे मी गाईंसमोर बोलत नाही.

जुना ट्रॅक्टर विकत घ्यायला आलेला माणूस किती किलोमीटर गेलाय ते विचारत नाही. तो विचारतो, किती तास झाले? मीटर तासांचं असतं, कारण ट्रॅक्टर जागच्या जागी उभा राहूनही दिवसभर राबू शकतो. त्यातही जुन्या मीटरांची गंमत अशी की ती घड्याळाकडे बघत नाहीत, इंजिनाचे फेरे मोजतात. इंजिन मंद चालू ठेवून आपण तासभर गप्पा मारल्या तरी मीटरवर तासाहून कमीच चढतो. गाय घ्यायला आलेला माणूसही वर्षं विचारत नाही. कितव्या वेताची, म्हणजे कितव्यांदा व्यालेली, हे विचारतो. दोघंही वय विचारत नाहीत, राबणं विचारतात. आणि मग दोघंही खाली वाकतात. एक इंजिनाखाली तेल गळलंय का बघायला आणि दुसरा कास बघायला.

तासांवरून आठवलं. ऑइल अमुक तासांनी बदला असं ट्रॅक्टरच्या पुस्तकात लिहिलेलं असतं आणि ते पुढच्या आठवड्यावर ढकलता येतं. ढकलू नये, पण सगळे ढकलतात. गाईचा माज, म्हणजे तिची गाभण राहायची वेळ, ढकलता येत नाही. तो साधारण एकवीस दिवसांनी येतो, एक दिवसही पुरता टिकत नाही, आणि बऱ्याचदा रात्री येतो. तो नजरेतून सुटला की पुढचे एकवीस दिवस ती गाय खाते, पिते आणि आपल्याकडे बघते.

चावीबद्दल मी एवढं कौतुकानं बोलतोय खरा, पण एक कबूल केलं पाहिजे. चावी असते म्हणजे माणूस ती फिरवतोच असं नाही. ट्रॅक्टरच्या मागे पीटीओचा शाफ्ट असतो, इंजिनाच्या ताकदीनं फिरणारा दांडा, जोडलेली यंत्रं चालवायला. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. चारा बारीक कापणाऱ्या कुट्टीयंत्रात काही अडकलं की इंजिन बंद करून, खाली उतरून, ते काढायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. तरी माणूस फिरत्या शाफ्टवरून पाय टाकून पलीकडे जातो, कारण बंद करून परत चालू करायचा कंटाळा. सदऱ्याचं टोक किंवा ओढणी त्यात सापडली तर ओरडेपर्यंत दोनचार फेरे झालेले असतात. गाय लाथ मारण्याआधी सांगते. शेपूट जोरात फिरवते, कातडी थरथरवते, पाय हलका करते. शाफ्ट काही सांगत नाही. म्हणून त्याच्यावरचं प्लास्टिकचं आवरण फुटलं तर ते त्याच दिवशी बदलावं, पुढच्या आठवड्यात नाही.

ट्रॅक्टर आधी याहून बेभरवशाचा होता. नांगर मागे नुसता साखळीनं ओढला जायचा, आणि फाळ खडकात अडकला की चाकं पुढं जायला बघायची, नांगर येत नसायचा, आणि ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन चालवणाऱ्याच्या अंगावर उलटायचा. हॅरी फर्ग्युसन नावाच्या माणसानं नांगर तीन ठिकाणी जोडायची युक्ती काढली, तिला हायड्रॉलिकची जोड दिली, आणि १९३९ साली ती फोर्डच्या ट्रॅक्टरवर बाजारात आली. आज गल्लीतल्या लहानातल्या लहान ट्रॅक्टरच्या मागे तेच तीन बिंदू दिसतात. शेणाची पाटी उचलायची असो की गवताचा गठ्ठा, मी दांडा वर करतो आणि पाठ वाचते. माणूस नीट विचार करतो तेव्हा किती साधं काहीतरी करतो!

या दोघांची खरी गाठ पडते ती मुरघासाच्या खड्ड्यात. कुट्टी केलेला हिरवा चारा थरावर थर टाकायचा आणि त्यावरून ट्रॅक्टर पुढंमागं, पुढंमागं फिरवायचा. वेगात नाही, अगदी सावकाश, चाकाची रांग चाकावर येईल अशी. चाऱ्यातली हवा बाहेर निघाली पाहिजे, एवढंच त्याचं काम. हवा राहिली तर बुरशी, नाही राहिली तर आंबणं. कडेला चाक नीट पोचत नाही म्हणून तिथं माणसं पायांनी तुडवतात. मग कागद घट्ट झाकून वजनं ठेवायची आणि महिनाभर विसरायचं. आत जे चालतं ते गाईच्या पोटातल्यासारखंच, हवेशिवाय जिवाणूंचं काम. उघडल्यावर आंबूस, किंचित गोडसर वास आला की जमलं. गाईंना तो वास दुरून कळतो आणि धारेला उभ्या राहायच्या क्रमावरून पुन्हा शिंगं निघतात.

दुसरी गाठ वाईट. ट्रॅक्टरच्या शेडमधला एखादा खिळा, तारेचा तुकडा, तुटलेली पिन वैरणीत जाते. गाय ओठांनी निवडून खात नाही. जिभेनं वेढा घालून ओढते आणि फार न चावता गिळते, चावणं नंतरच्या रवंथावर सोडते. जड लोखंड पोटाच्या दुसऱ्या, जाळीसारख्या कप्प्यात जाऊन बसतं, आणि त्या कप्प्याच्या पलीकडे, पडद्याआड, हृदय असतं. आतले स्नायू आवळले की टोक पुढं सरकतं. गाय पाठ कमानीसारखी धरते, उतारावर चालायला कां-कूं करते, दूध एकदम घटतं. यावर उपाय मोठा विनोदी आहे. बोटाएवढं लोहचुंबक तिला गिळायला द्यायचं. ते त्याच कप्प्यात पडून राहतं, जन्मभर, आणि खिळे गोळा करत बसतं. आत चुंबक आहे की नाही हे बघायला डॉक्टर तिच्या छातीजवळ होकायंत्र धरतात. सुई हलली की आहे. मी तर आता ट्रॅक्टर दुरुस्त झाला की नट-बोल्ट मोजतो, आणि एखादा कमी पडला तर तो सापडेपर्यंत त्या बाजूची वैरण उचलत नाही.

व्यायची वेळही अशीच, आपली नाही. नऊ महिने आणि वर काही दिवस झाले की शेपटीच्या दोन्ही बाजूंचे खळगे पडतात, कास फुगते, आणि गाय रात्री कोपरा धरते. वीज गेली तर ट्रॅक्टर गोठ्याच्या दाराशी लावून त्याचे दिवे आत टाकावे लागतात. वासरू बाहेर आलं की गाय त्याला चाटून कोरडं करते आणि आपल्याला घाई असते ती चीक पाजायची. गाईच्या गर्भात वासराकडे रोगांशी लढायची ताकद पोचत नाही, ती पहिल्या चिकातूनच मिळते, आणि वासराचं आतडं ती पहिल्या दिवसापुरतीच शोषून घेतं. पहिले काही तास सगळ्यांत मोलाचे. ओल्या, डुलणाऱ्या वासराच्या तोंडात सड धरून देणं हे कोणत्याच पुस्तकातून शिकता येत नाही. ते आईच्या पुढच्या पायांमध्ये तोंड खुपसतं, भिंतीला ढुशा देतं, आपलं कोपर चोखतं, आणि मग कधीतरी योग्य जागी पोचतं.

ट्रॅक्टर मागायला लोक येतात. हक्कानं येतात, डिझेल टाकतो म्हणतात, आणि संध्याकाळी आणून लावतात. गाय सांभाळायला मागायला आजवर कोणी आलेलं नाही. त्यामुळे बाहेरगावी जायचं म्हणजे शेजारच्या भाऊंच्या हाता-पाया पडायचं आणि कागद लिहून द्यायचा. ट्रॅक्टरबद्दल त्यात एक ओळ: हलवू नका. बाकी कागदभर गाई. हरणीजवळ उजवीकडूनच जा. तांबडी पान्हा चोरते, तिच्या पाठीवर आधी हात फिरवा, बोला काहीही, पण बोला. बांडीला धार झाल्यावर लगेच बसू देऊ नका, सडांची तोंडं उघडी असतात, पुढ्यात वैरण टाका म्हणजे उभी राहील. गाभण कालवडीला पेंड कमी. उठताना कोणी पुढच्या पायांवर आधी उठायला बघत असेल तर मला कळवा, गाय मागून उठते.

पहिल्याच संध्याकाळी भाऊंचा फोन आला. धार झाली, दूध गेलं, सगळं ठीक. फक्त कालवड दावं सोडवून ट्रॅक्टरच्या सीटचा फोम खात होती, तिला धरलीय, आणि हा फोम तिला बाधतो का, हे तेवढं कागदावर नाही.