झेड टेबलवरचं चित्र कापलं आणि माझी वीस मिनिटं गेली

स्टॅटिस्टिक्सचा राहिलेला पेपर मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली नोकरी सांभाळून दिला. पास झालो, पण त्या दिवसाचा राग अजून गेलेला नाही.

नॉर्मल डिस्ट्रिब्युशनचं, म्हणजे सरासरीभोवती घंटेच्या आकारात पसरलेल्या आकड्यांचं, गणित सुरुवातीला कुणालाही जमतं. दिलेल्या आकड्यातून मीन म्हणजे सरासरी वजा करायची, स्टँडर्ड डेव्हिएशनने (आकडे किती पसरलेत त्याच्या मापाने) भागायचं, झेड मिळतो. प्रश्नही आपल्याकडचाच होता: गुळाच्या रव्याचं, म्हणजे ढेपेचं, सरासरी वजन १० किलो, स्टँडर्ड डेव्हिएशन ०.२ किलो, तर १०.३ किलोपेक्षा कमी वजनाचे रवे किती टक्के? झेड आला १.५. इथपर्यंत दोन मिनिटं.

मग टेबल, म्हणजे प्रत्येक झेडसमोर वक्राखालचं क्षेत्रफळ, अर्थात संभाव्यता, देणारा तक्ता. वर्गात आम्ही वर्षभर अर्धं टेबल वापरलं होतं, म्हणजे शून्यापासून झेडपर्यंतचं क्षेत्रफळ देणारं. त्यात १.५ समोर ०.४३३२ असतं, त्यात डावीकडचा ०.५ मिळवायचा. परीक्षेत मिळालेली झेरॉक्स पूर्ण टेबलची होती, अगदी डाव्या टोकापासून झेडपर्यंतची. कुठलं क्षेत्रफळ दिलंय हे वरच्या रंगवलेल्या चित्रावरून कळतं, आणि नेमकं तेच झेरॉक्स काढताना कापलं गेलं होतं. वर्गात प्रती दोनच. माझ्याकडे आली तेव्हा पुढचा मुलगा मागायला लागलाच होता. घाईत ०.९३३२ उतरवलं, सवयीने ०.५ मिळवला आणि उत्तर आलं १.४३३२. संभाव्यता एकापेक्षा जास्त कशी असेल? तीन वेळा आकडेमोड तपासली. चूक माझ्या आकडेमोडीत नव्हतीच. पुन्हा प्रत मागितली तर पर्यवेक्षक "थांबा" म्हणाले. वीस मिनिटं थांबलो.

प्रत हातात आल्यावर पहिल्याच ओळीकडे लक्ष गेलं. झेड ०.०० समोर ०.५००० होतं. अर्ध्या टेबलात तिथे ०.०००० असतं. सगळा उलगडा एका आकड्यात! टेबल हातात पडलं की आधी हीच ओळ बघा, बाकी सगळं नंतर. उत्तर थेट ०.९३३२, म्हणजे ९३.३२ टक्के.

पुढचा प्रश्न उलटा: सर्वांत जड १० टक्के रवे किती किलोच्या पुढचे? उलट्या प्रश्नात टेबलाच्या पोटातला आकडा शोधून कडेचा झेड वाचायचा. पूर्ण टेबलात ०.९० च्या जवळचा ०.८९९७ सापडतो, झेड १.२८, वजन १०.२५६ किलो. अर्ध्या टेबलात ०.४० शोधायचं. तिथे सरळ ०.१० शोधलं तर झेड ०.२५ मिळतो आणि वजन १०.०५ किलो येतं. हे उत्तर दिसायला बरोबर वाटतं, म्हणून जास्त फसवतं. निम्मे रवे सरासरीच्या वर असतात, मग सरासरीच्या जरासंच पुढे गेल्यावर फक्त १० टक्के कसे उरतील, एवढं मनात आणलं की चूक पकडता येते. म्हणून आधी घंटेसारखा वक्र काढा आणि हवा तो भाग रंगवा. ही पायरी मी आता कधीच टाळत नाही.

हो, सर्वांत हलके ५ टक्के विचारले तर झेड उणे १.६४५ घ्यायचा. माझ्या शेजारच्याने उणे चिन्ह सोडलं आणि हलक्या रव्याचं वजन सरासरीपेक्षा जास्त काढलं.

आता नोकरीच्या ठिकाणी, फौंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात), एक्सेलवर हेच काम होतं. तिथे उलट्या फंक्शनला नेहमी डावीकडचंच क्षेत्रफळ लागतं, म्हणून वरचे १० टक्के हवे असले तरी मी ०.९० टाकतो.