इंपेरफेत्तोनं खाल्लेले तीन महिने

बोलोन्यातल्या इटालियनच्या संध्याकाळच्या वर्गात इंपेरफेत्तो या भूतकाळाची रूपं अर्ध्या तासात पाठ झाली. पार्लावो, पार्लावी, पार्लावा, म्हणजे मी, तू, तो बोलत होतो, होतास, होता. फारे, दिरे, बेरे (करणं, म्हणणं, पिणं) यांचं फाचेवो, दिचेवो, बेवेवो. एस्सेरेचं (असणं) एरो, एरी, एरा. घोडं अडलं ते पुढे. भूतकाळात हे कधी वापरायचं आणि दुसरा भूतकाळ, पास्सातो प्रोस्सिमो, कधी?

वर्गात इंग्रजीतून सांगितलं, लांबलेल्या क्रियेला इंपेरफेत्तो. मी निबंधात 'पुण्यात दहा वर्षं राहत होते' असं म्हणायला 'आबितावो' लिहिलं. लाल फुली! दहा वर्षं लांब नाहीत तर काय? पण मुदत सांगितली की हिशेब बंद, तिथे पास्सातो प्रोस्सिमोतलं 'ओ आबितातो'च लागतं. हे कुणी सांगेना, मी फुल्या मोजत बसले.

मग एकदा जिन्यात शेजारच्या आजींना म्हटलं, 'इएरी दोवेवो आंदारे दाल मेदिको.' त्या पिशवी खाली ठेवून थांबल्या. 'ए पोई?' मग काय? मी तर जाऊन औषधंही आणली होती! त्यांना ऐकू आलं होतं, 'काल डॉक्टरकडे जायचं होतं.' गेले की नाही, ते अधांतरीच. 'जावं लागलं' म्हणायला 'ओ दोवूतो' हवं होतं.

इंग्रजीतलं 'हॅड टू' दोन्हीकडे चालतं, म्हणून मला फरकच दिसत नव्हता. मराठीत तो रोजचा! सापेवो म्हणजे माहीत होतं, ओ सापूतो म्हणजे कळलं. कोनोशेवो म्हणजे ओळखत होते, ओ कोनोशूतो म्हणजे ओळख झाली. तीन महिने उगाच इंग्रजीचा वळसा घालत होते, याचा राग अजून जात नाही.

आता वाक्य आधी मराठीत म्हणून बघते. जायचे, करायचे आलं की डोळे मिटून इंपेरफेत्तो. 'राहत होते'वर मात्र विसंबू नका, फुली तिथेच खाल्ली. हो, आणि 'पार्लावानो'त (ते बोलत होते) उच्चाराचा जोर 'ला'वर. मी 'वा'वर देत होते आणि लोक सभ्यपणे ऐकून घेत होते. 'इल लुनेदी आंदावो' म्हणजे दर सोमवारी जायचे. नुसतं 'लुनेदी' म्हटलं तर तो एकच सोमवार, तिथे 'सोनो आंदाता', म्हणजे गेले.

परवा एका कार्यालयाच्या खिडकीवर ऐटीत म्हटलं, 'वोलेवो किएदेरे उना कोझा.' अगदी आपलं 'जरा एक विचारायचं होतं'. आतला माणूस छान हसला आणि म्हणाला, आधी नंबर घेऊन या.